घाम येणं पुरेसं नाही, तो वाळायला हवा

शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास कसं टिकतं यावरचा लेख वाचला; छान उलगडलंय, पण त्यात हवेतल्या दमटपणाचा उल्लेख हवाच होता. हायपोथॅलॅमसने (मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाने) हुकूम सोडला, त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या, घाम सुटला, तरी गारवा येतो तो घाम वाळला तरच. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. नुसता ठिबकला तर उपयोग शून्य. आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईत मे महिन्यात दमट हवेमुळे तो लवकर वाळतच नाही! पारा विदर्भापेक्षा खाली दिसतो म्हणून कृपया गाफील राहू नका. एप्रिल २०२३मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला उन्हात बसलेली माणसं दगावली, ते आठवलं की अजून पोटात तुटतं. घामातून मीठही जातं. उन्हात राबणाऱ्यांना पाण्याबरोबर ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक द्या. बीपी-किडनीवाल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून.