शीतळा सातमीचा मेसेज आणि आजीच्या दंडावरच्या खुणा

श्रावण आला की आमच्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. लस मूळची आपलीच, इंग्रजांनी ती चोरली. शीतळा सातमीचं थंड जेवण हीसुद्धा लसच. गोवर-कांजिण्या आल्या तर औषध देऊ नका, शीतळादेवी कोपते.

चोरीच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे. देवी या रोगाच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत टोचणारे टीकादार बंगालात घरोघर जात. हॉलवेल नावाच्या इंग्रजाने १७६७ साली लंडनच्या वैद्यांसाठी त्याचं सविस्तर वर्णन छापलं, पथ्यापासून अंगावर ओतायच्या गार पाण्यापर्यंत. पण चीन-तुर्कस्तानातही टोचणं होतंच, आणि इंग्लंडात ते १७२१ साली पोचलं ते तुर्कस्तानातून. शिवाय त्यात खऱ्या देवीचंच विष असे. टोचून घेतलेल्यांतले काही दगावत, त्यांच्यापासून इतरांनाही लागण होई. इंग्रज डॉक्टर जेनरने १७९६ साली वापरली ती गाईंच्या सौम्य देवीची लस. ही वेगळी गोष्ट आहे. टीकादारांचं श्रेय मोठंच आहे, त्याला चोरीच्या कथेचा टेकू नको.

थंड जेवणाचं म्हणाल तर सातम मीही पाळते. आदल्या दिवशी, रांधण छठीला, थेपले करून ठेवते, दुसऱ्या दिवशी चूल पेटवत नाही. ताप म्हणजे देवीचा दाह, म्हणून तिला गारवा द्यायचा, उशाशी कडुलिंब ठेवायचा, ही त्यामागची समजूत. त्यात आजाऱ्याविषयीची माया आहे. रोगप्रतिकारशक्ती मात्र शिळ्या थेपल्याने येत नाही.

देवी कोपते? मराठीत रोगाचं नाव देवी आणि लस टोचण्यालाही ‘देवी काढणं’च म्हणतात. माझ्या आजीच्या दंडावर त्या खुणा होत्या. शीतळामातेला हात जोडणाऱ्या आजीने दंडही पुढे केला होता. अशा कोट्यवधी दंडांमुळे १९७५ नंतर भारतात देवीची साथ उरली नाही, आणि १९८० साली जगातून रोग संपल्याचं जाहीर झालं.

औषध न देण्याचा सल्ला तर जीवघेणा आहे. गोवरातून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, ‘अ’ जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलाची दृष्टीही जाऊ शकते. म्हणून डॉक्टर त्याचे डोस लागोपाठ दोन दिवस देतात. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. कांजिण्यांत मुलाला वेगळं ठेवायची जुनी रीत योग्यच आहे. ऍस्पिरिन तेवढी देऊ नका. मूल पाणी पिईना किंवा धापा टाकू लागलं, तर सातम असो की आठम, त्याच घटकेला दवाखाना गाठा.