कार्बामाझेपिन ही गोळी सुरू करण्याआधी केलेल्या जीन टेस्टबद्दल आलेल्या एक स्टार रिव्ह्यूला लॅबकडून उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला. काकूंना एवढा त्रास होत असताना थांबावं लागलं आणि तुमची धावपळ झाली, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण तुम्ही लिहिलंय की "आठवडाभर लटकवलं, शेवटी रिपोर्ट निगेटिव्हच आला, नुसती पैसे उकळायची टेस्ट", ते वाचून फार वाईट वाटलं. उद्या हे वाचून कोणी टेस्ट न करताच गोळी सुरू केली तर काय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी वेळेचं बोलू. तुम्ही आलात शनिवारी संध्याकाळी, तोवर पुण्याला जाणारी सॅम्पलची बॅग गेलेली होती आणि रविवारी कुरियर नसतो. ही काय सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची नेहमीची टेस्ट, नाही सर, की ट्यूब मशीनला लावली आणि तासाभरात प्रिंट हातात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त पुण्याला जातं, तिथे त्यातून डीएनए वेगळा काढतात, मग पीसीआर लावतात, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर कॉपी करून तो तपासतात, आणि ते पण रोज नाही, सॅम्पल जमले की बॅच लागते. काउंटरवरच्या ताईने पावतीवर पेनाने "७ ते ८ दिवस" लिहून दिलं होतं, पावती तुमच्याकडे असेलच, बघून घ्या. रिपोर्ट त्या मुदतीतच मिळालाय.

मधे तुमचा फोन आला की "तोंडी तरी सांगा निगेटिव्ह आहे म्हणून, आज रात्रीपासून गोळी चालू करतो". काउंटरवरची ताई नाही म्हणाली तर तुम्ही तिला जे बोललात ते मी इथे लिहीत नाही, पण ती नाही म्हणाली ते माझ्या सांगण्यावरून. मशीनने सांगायच्या आधी आम्ही कसं सांगणार? आणि चुकलं असतं तर?

कार्बामाझेपिन वाईट औषध नाही. चेहऱ्यात शॉक बसल्यासारख्या कळा येतात त्यावर डॉक्टर पहिलं हेच देतात, फिटवर पण देतात, बहुतेकांना काहीच होत नाही. पण ज्यांच्यात एचएलए-बी १५:०२ हा जीनचा प्रकार असतो त्यांच्यात शरीराच्या संरक्षण करणाऱ्या पेशी या औषधामुळे बिथरून स्वतःच्याच कातडीवर हल्ला करू शकतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताप येतो, डोळे लाल होतात, तोंडात फोड येतात आणि मग कातडी भाजल्यासारखी सुटते. स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात त्याला, माणूस दगावतो त्यात, वाचला तरी डोळ्यांचा त्रास कायमचा राहू शकतो. तुम्ही विचारलं होतं की इंजेक्शनच्या आधी हातावर टोचून बघतात तसं का नाही केलं, तर ती ॲलर्जी वेगळी, ती काही मिनिटांत दिसते. ही टोचून कळत नाही, म्हणून जीन बघावा लागतो.

हे काय आम्ही काढलेलं खूळ नाही. २००४ मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी या औषधाने स्टीव्हन्स-जॉन्सन झालेले ४४ पेशंट तपासले, ४४ च्या ४४ जणांत हा जीन निघाला. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आशियाई वंशाच्या पेशंटना गोळी सुरू करायच्या आधी ही टेस्ट करा असा इशारा दिला. आपल्याकडच्या पेशंटवरही काम झालंय, २००९ च्या एका छोट्या अभ्यासात ८ पैकी ६ जणांत सापडला.

आणि "निगेटिव्हच आला" हे सगळ्यात जास्त लागलं. तैवानमध्येच नंतर पावणेपाच हजारांवर लोकांची आधी टेस्ट केली, ज्यांचा पॉझिटिव्ह आला त्यांना दुसरं औषध दिलं, आणि त्या सगळ्यांत एकालाही स्टीव्हन्स-जॉन्सन झाला नाही. २०११ मध्ये छापून आलंय ते. त्यातले नव्वद टक्क्यांच्या वर लोक निगेटिव्हच होते, मग त्यांचे पैसे फुकट गेले का सर? काकूंच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली ती या कागदाच्या भरवशावरच ना. फी पण आम्ही मनाने लावत नाही, त्यातला मोठा भाग पुण्याच्या लॅबला जातो, आमच्याकडे उरतं ते कलेक्शन आणि कुरियरचं. लहान लॅब आहे, एक स्टारने आम्हाला फरक पडतो.

सॅम्पल कुठपर्यंत पोचलं याचा मेसेज पाठवायची काहीतरी सोय करतोय आम्ही, होईल लवकरच.

रिपोर्ट मात्र जपून ठेवा. जीन बदलत नाही, त्यामुळे ही टेस्ट काकूंना परत कधी करावी लागणार नाही, कोणी सांगितली तर हाच कागद दाखवा, हरवला तर आमच्याकडून कॉपी फुकट न्या. पण तो फक्त काकूंचा आहे, मावशींना किंवा तुम्हाला तो चालणार नाही. आणि निगेटिव्ह असला तरी धोका शंभर टक्के गेला असं नसतं, ताप, पुरळ, तोंडात फोड असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. रेटिंग तुम्ही ठेवा तेवढंच, पण ते "पैसे उकळायची टेस्ट" एवढं वाक्य काढता आलं तर बघा.