ठसे मोजता येतात, नाणी नव्हे: ब्राँझच्या आकड्यांवरील आक्षेपांना उत्तर

ग्रीक ब्राँझ नाणी किती ठशांनी (नाणे पाडण्याच्या कोरीव साच्यांनी) पाडली याचा अंदाज मी लेखात मांडला होता; त्यावरची आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. आपले आक्षेप तीन आहेत. चांदीच्या नाण्यांसाठी काढलेला 'एका ठशाला वीस हजार नाणी' हा गुणाकार ब्राँझला चालत नाही. झिजलेल्या ब्राँझवर ठसा ओळखणे म्हणजे ढगात हत्ती बघणे. आणि संग्रहालयातली नाणी हा काही नमुना नव्हे. म्हणून ग्रीक ब्राँझच्या ठशांची मोजदादच व्यर्थ, हा आपला निष्कर्ष. पहिला आक्षेप पूर्ण मान्य, तिसरा बराचसा मान्य. निष्कर्ष मात्र अमान्य.

वीस हजारांच्या मागे जो थोडाफार लेखी आधार आहे तो डेल्फीचा. तिथल्या अँफिक्टिओनी संघाने (देवस्थान सांभाळणाऱ्या ग्रीक राज्यांच्या संघाने) इ.स.पू. चौथ्या शतकात नाणी पाडली. त्यांच्या चांदीचा हिशेब शिलालेखांत आहे आणि ठसे उरलेल्या नाण्यांवरून मोजता येतात. फिलिप किन्स यांनी १९८३मध्ये दोन्हींची सांगड घातली तेव्हा ऐरणीच्या (खालच्या) एका ठशामागे २३,३३३ ते ४७,२५० नाणी असा पल्ला आला. म्हणजे कागदपत्रे हाताशी असलेल्या चांदीतही उत्तर दुपटीने हलते. ब्राँझचा असा हिशेब हाती नाही, आणि आकडा कोणत्या दिशेला हलवावा हेही ठरत नाही. कथलामुळे मिश्रधातू चांदीपेक्षा कडक, चकती (ठोकण्याआधीचा कोरा तुकडा) जाड, घाव मोठा: ठसा लवकर फुटायला हवा. पण ब्राँझ हे सुट्टे पैसे. तडा गेलेला, बोथट झालेला ठसाही टाकसाळ खुशाल वापरत राही, कारण हरकत घेणारे कोणी नव्हते. शिवाय चकतीत शिसे जास्त असेल तर ते तांब्यात विरघळत नाही, गोळ्या-गोळ्यांनी अडकून राहते आणि ३२७ अंशांनाच वितळते. अशी चकती तापवून ठोकली तर ती कडेला फाटते, आणि ठशाला बसणारा ताण चांदीसारखा राहत नाही. तेव्हा गुणाकार सोडून द्यायचा. मोजदाद सोडायची गरज नाही.

आता ठसा ओळखण्याबद्दल. लेखातलेच नाणे घ्या: सिसिली बेटावरच्या सिरॅक्यूज शहराचा राजा दुसरा हायरॉन (मृत्यू इ.स.पू. २१५) याचे. एका बाजूला डावीकडे पाहणारा समुद्रदेव पोसायडन, केसांना फीत. दुसरीकडे त्रिशूळ, शेजारी डॉल्फिन, आणि दांड्याने दुभंगलेले 'हिएरोनोस' हे नाव. यात चेहऱ्यावर भिस्त ठेवली की फसगत ठरलेली. गाल आणि केस आधी झिजतात, आणि कोरणारा तोच चेहरा पुन्हापुन्हा कोरतो. बघायची ती अंतरे आणि कोन: फितीची टोके मानेपासून कुठे सुटतात, त्रिशुळाचा मधला दात वर किती जातो, 'रो' अक्षराचा पाय दांड्यापासून किती लांब आहे, डॉल्फिनची शेपटी कोणत्या अक्षराच्या रेषेत येते. सगळी छायाचित्रे एकाच बाजूच्या तिरप्या उजेडात, आणि करड्या छटेत, कारण हिरवा-काळा थर डोळ्याला खोटा उठाव दाखवतो. मग एक चित्र अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवायचे. जुळवायचे ते नक्षीवरून, नाण्याच्या कडेवरून कधीच नाही.

कारण चकती बहुधा ठशापेक्षा लहान असते आणि घाव मध्यावर बसेलच असे नाही. एका नाण्यावर पोसायडनची दाढी, दुसऱ्यावर नुसता डोक्याचा मागचा भाग. (शिवराई हाताळणाऱ्यांना हे सांगायला नको; 'श्री राजा शिव' पूर्ण वाचता येणारे नाणे किती वेळा हाती लागते?) अशी दोन अर्धी नाणी मागच्या बाजूच्या एकाच ठशाने पाडलेली निघाली तर जोड शक्य ठरते, पक्की होते ती दोन्ही अर्ध्यांना झाकणारे तिसरे नाणे मिळाल्यावर. झीज कोणाची, हेही तपासायचे. नाणे वापरून झिजले असेल तर उंच भाग सपाट होतात. ठसा झिजला असेल तर रेषांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि मोकळ्या जागेत कडेकडे जाणारे ओघळ उमटतात. विक्रीसाठी आधुनिक हत्याराने केस 'उजळलेली' नाणी सरळ बाजूला काढायची, नाहीतर अस्तित्वात नसलेला ठसा जन्माला येतो.

एवढे करूनही काही नाणी ठरत नाहीत. ती 'अनिश्चित' गठ्ठ्यात जातात, नवा ठसा म्हणून मोजली जात नाहीत. हा नियम मोडला तर काय होते ते लेखातल्या कल्पित उदाहरणावरूनच बघा. १२० नाणी, ४० ठसे, त्यांतले १२ ठसे एकेकदाच दिसलेले. न दिसलेले धरून एकूण ठसे किती असावेत, हे काढणारे कार्टर यांचे सूत्र (नाणी दिसलेल्या ठशांच्या दुप्पट ते तिप्पट असताना): १२० गुणिले ४०, भागिले (१.१२४ × १२० वजा १.०१६ × ४०). उत्तर ५१. आता नेहमीच्या ठशांची पाच गंजलेली नाणी चुकून पाच नवे ठसे धरली: ठसे ४५, एकेकटे १७. उत्तर ६१. पाच चुकांनी अंदाज जवळजवळ वीस टक्के फुगला. आपली शंका रास्त ठरते ती इथे, आणि चुकीची दिशाही ठाऊक असते: अतिविभागणी, म्हणजे एका ठशाचे दोन समजणे, आकडा वाढवते, दोन ठसे एक समजणे तो घटवते.

एकूण ठशांसाठीच एस्टी यांचे साधे सूत्र, म्हणजे ठसे गुणिले नाणी भागिले (नाणी वजा ठसे), त्याच १२० आणि ४०वर ६० देते. कारण ते धरून चालते की बरेच ठसे लवकर मोडले आणि थोड्यांनीच भरपूर नाणी दिली. ब्राँझच्या बाबतीत मला हेच गृहीतक जवळचे वाटते. तरी दोन्ही आकडे छापावेत; वाचकाला ५१ ते ६० ही दरी दिसलीच पाहिजे.

नमुन्याबद्दल थोडक्यात. संग्रहालये प्रत्येक प्रकाराचे एकेक नाणे घेतात, त्यामुळे एकेकटे ठसे वाढतात आणि अंदाज वर जातो. टाकसाळीजवळ पुरलेला एखादा साठा उलटे करतो: थोड्याच ठशांची पुष्कळ नाणी. लिलावात तेच नाणे दुसऱ्यांदा आले आणि दोनदा मोजले गेले तरी अंदाज खाली येतो. कडेच्या चिरा आणि वजन ताडून पाहावे, पण साफसफाईनंतर वजन घटलेले असू शकते. ब्राँझसाठी उत्खननातली सुटी नाणी बरी, कारण ती कोणी निवडलेली नसतात, नुसती हरवलेली असतात. साठ्यातली वेगळी मोजावीत.

आपण न काढलेला एक मुद्दा मात्र माझ्या लेखाला जास्त लागतो. अथेना आणि दोन डॉल्फिनांमधला तारा असलेली सिरॅक्यूजची जड ब्राँझ नाणी सिसिलीतल्या इतर शहरांनी आपल्या ठशांनी पुन्हा ठोकली. तिथे ठसे मोजले तर घाव कळतात, नवे ब्राँझ किती ओतले ते नाही. लेखातले 'एकूण धातू' हे कोष्टक त्यामुळे काढून टाकले आहे, आणि वीस हजारांचा गुणाकारही. ५१ ते ६० ठसे, नमुन्यात त्यांतले ४० दिसलेले, उदाहरणाची एवढीच ओळ ठेवली आहे.