शिट्टी न होणारं मटण

आमच्या घरात वेळ मिनिटांत मोजत नाहीत, शिट्ट्यांत मोजतात. भात दोन, डाळ तीन, मटण सहा. एखाद्या दिवशी गॅस बंद करायला विसरलो तर खालच्या मजल्यावरच्या काकू "सात झाल्या हो!" म्हणून ओरडतात. अशा घरात मेहुण्याने अमेरिकेहून विजेवर मंद शिजवणारा स्लो कुकर आणला. आईने तो सगळीकडून न्याहाळला.

"शिट्टी कुठंय?"

"नसते. आठ तास झाले की शिजलं समजायचं."

"आठ तासांत मी दोन वेळचा स्वयंपाक करून, दुपारी पडून, सोमेश्वरला जाऊन येते."

त्यात तो तिकडचा, 120 व्होल्टचा. आपल्याकडे 230. म्हणजे भांडं फुकट आणि ट्रान्सफॉर्मर विकत. तो ट्रान्सफॉर्मर मटणासकट कुकरपेक्षा जड आहे आणि घूं घूं करतो. घरात निदान आवाजाची सोय झाली.

मुहूर्त काढला गटारीचा. पावसात छत्री धरून भद्रकालीच्या बाजारात मटणाच्या रांगेत उभा राहिलो आणि मुद्दाम नळी आणि खांद्याचं मटण मागितलं. कारण मी वाचलं होतं, की असल्या चिवट मांसातलं कोलॅजन मंद आचेवर तासन्‌तास राहिलं की विरघळून जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटतो. हे मी रांगेतल्या पुढच्या माणसालाही सांगितलं. तो एक पाऊल पुढे सरकला.

कांदा-खोबरं भाजून काळा मसाला वाटला, मटण कढईत परतलं, कारण हा कुकर काही परतून देत नाही. बायको म्हणाली, "अहो, अर्धा स्वयंपाक गॅसवरच झाला की! राहिलेल्या जागेत राजमा तरी टाका." मी म्हटलं, राजमा आधी दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो, नुसत्या मंद आचेवर त्यातलं विष जात नाही, पोट बिघडतं. आई आतून म्हणाली, "म्हणजे जे शिजायला वेळ लागतो तेच याला झेपत नाही!"

दुपारी बाराला बटण 'लो'वर फिरवलं. आठला पानं घ्यायची.

स्लो कुकरचं झाकण उघडायचं नसतं. एकदा उघडलं की कोंडलेली वाफ जाते आणि साधारण वीस मिनिटं वाढतात. आईने सहापर्यंत ते नऊ वेळा उघडलं. "मीठ बघते," "तवंग आला का बघते," आणि एकदा नुसतंच, "एकटं आहे बिचारं." नऊ गुणिले वीस, तीन तास. साडेपाचला लाईट गेली ती पाऊण तास. तेवढ्यात दहावं झालं: "आता तरी उघडू का?"

या कुकरची गोष्टही मजेशीर आहे. इर्विंग नॅक्सन नावाच्या गृहस्थाला 1940 साली त्याचं पेटंट मिळालं. कल्पना सुचली ती त्याच्या आईने सांगितलेल्या चोलंटच्या आठवणीवरून. ज्यूंच्या शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवायचा नसतो, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी हे मांस-घेवड्याचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खायचं. म्हणजे धर्माने घातलेली वेळ पाळण्यातूनच ही कल्पना जन्मली. मीही तेच करत होतो, फक्त त्यांचं दुसऱ्या दिवशी चालतं. आमच्या दुसऱ्या दिवशी श्रावण होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावस्या रात्री अकराच्या आत संपत होती. आईच्या हिशेबात तिथी संपली की घास खाली ठेवायचा.

साडेनऊला मी एक तुकडा दाबून पाहिला. त्याने मला परत दाबलं.

आई काही बोलली नाही. तिने प्रेशर कुकर काढला, मटण त्यात ओतलं आणि गॅस मोठा केला. पहिली शिट्टी झाली तेव्हा ट्रान्सफॉर्मरसुद्धा गप्प झाला, कारण बायकोने तो काढून ठेवला होता. तीन शिट्ट्यांनंतर खालून आवाज आला, "झालं का हो एकदाचं? दुपारपासून वास येतोय, शिट्टी काही येईना. आम्हाला वाटलं, तुम्ही कच्चंच खाल्लं!"

दहा वाजता काकू पातेली घेऊन वर आल्या. स्लो कुकरात पाणी आटत नाही हे मला आधी माहीत नव्हतं आणि मी सवयीने तीन तांबे पाणी घातलं होतं, त्यामुळे रस्सा दोन्ही घरांना पुरून उरला.