सोलरला माझा विरोध नाही, पण भाड्याच्या खोलीतल्या माणसाचं काय?

नमस्कार. घरगुती वीजबिल आणि सौर अनुदानावरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि बऱ्यापैकी रागाने लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: तुम्ही स्वतःची बचत मोडून छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, बिल अडीच-तीन हजारांवरून दीडशेच्या घरात आलं, सरकारने ७८ हजार दिले ते कोळसा कमी जळावा म्हणून दिले. गरिबांना १०० युनिटांपर्यंत स्वस्त दर आहे, वर गरीब घरांच्या छतावरच्या सोलरसाठी राज्याची 'स्मार्ट' योजनाही आली. मग तक्रार कशाची?

तुम्हाला मिळालेल्या ७८ हजारांबद्दल माझी तक्रार नाही. छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची सूर्यघर योजना २०२४ साली आली तेव्हा मीच इथे तिचं कौतुक केलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरात पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेही चांगलंच झालं. पण ही मदत मीटरच्या आणि छताच्या मालकाला मिळते. बिल प्रत्यक्षात कोणाच्या खिशातून जातं, हे कोणी विचारत नाही.

चाकणचं उदाहरण देते. माझा भाचा तिथे एका कंपनीत लागला आणि चाळीत खोली घेऊन राहिला. एका ओळीत पाच खोल्या, महावितरणचा मीटर एकच, तो मालकाच्या नावावर. प्रत्येक दारावर सबमीटर. महिनाअखेरीला मालकाचा मुलगा वही घेऊन येतो, आकडे उतरवतो आणि युनिटला सरसकट १२ रुपये लावतो. खोलीत एक पंखा, दोन दिवे, मोबाइलचं चार्जिंग आणि सकाळी बादलीत टाकायचा हीटर. धरा ७० युनिटं. वेगळा मीटर असता तर हा मुलगा पहिल्या, म्हणजे ० ते १०० च्या टप्प्यात बसला असता. पण पाच खोल्यांची मिळून ३५० युनिटं एकाच मीटरवर पडतात आणि त्यातली २५० वरच्या टप्प्यांत जातात. दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार, म्हणजे युनिटमागचा दर, पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे गरिबांसाठी ठेवलेला स्वस्त दर पाचातल्या चौघांपर्यंत पोचतच नाही, आणि पाचव्याच्या वाट्याचाही सरसकट दरात विरून जातो.

आता त्याच चाळीवर मालकाने सोलर बसवलं असं समजा. किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिटं धरली, तर ३ किलोवॅटमधून महिन्याला साडेतीनशेच्या आसपास वीज निघते. मालकाचं बिल जवळजवळ संपलं, अनुदान त्याच्या खात्यात आलं, आणि वहीतला दर? तो १२ रुपयेच. तो कमी करायला मालकाला भाग पाडणारी एकही अट योजनेत नाही.

'स्मार्ट' योजना खरोखर चांगली आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका किलोवॅटसाठी केंद्राचे ३० हजार, राज्याचे साडेसतरा हजार, आणि ग्राहकाने फक्त अडीच हजार भरायचे. पण एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट मोकळं, मजबूत आणि स्वतःचं छप्पर लागतं. शिवाय मीटर स्वतःच्या नावावर हवा. भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहणारा इथेही बाहेरच.

सोलरमुळे शेवटी सगळ्यांचीच वीज स्वस्त होईल, असंही तुम्ही लिहिलंय. शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीवर, दिवसा मिळणाऱ्या सौरविजेबद्दल मला ते पटतं. घरांच्या छतांबद्दल इतकं सरळ नाही. आपल्याकडे महिन्याला तीन-चारशे युनिटं वापरणारं घर चढा दर भरतं, आणि त्या पैशांतून खालच्या टप्प्याचा दर काही अंशी कमी ठेवला जातो. सोलर परवडणारी घरं नेमकी हीच. ती नेट मीटरिंगवर गेली की दिवसा जास्तीची वीज ग्रीडला देतात, रात्री परत घेतात आणि फक्त फरकाचं बिल भरतात. पण तारा, रोहित्रं, लाइनमन, संध्याकाळच्या मागणीसाठी तयार ठेवलेली वीजकेंद्रं, यांचा खर्च होता तेवढाच राहतो. तो कुठेतरी वसूल होणारच, आणि उरलेल्या ग्राहकांत चाकणची ती चाळ आहे. यावर उपाय म्हणून सोलर अडवा, असं मी म्हणत नाही. हा भार सरकारने तिजोरीतून उचलावा, आणि सुरुवात पहिल्या टप्प्यावरचं १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे बिलावरचा राज्याचा कर, माफ करून करावी.

भाडेकरूपर्यंत पोचलेली एक योजना मला ठाऊक आहे, ती एलईडी बल्बची. २०१५ च्या 'उजाला'त सरकारी कंपनीने इतक्या मोठ्या प्रमाणावर खरेदी केली की २०१४ साली ३१० रुपयांना घेतलेला बल्ब २०१६ मध्ये कंपनीला ३८ रुपयांना मिळू लागला. खोली बदलताना तो काढून पिशवीत टाकता येतो. पंख्याचं तसंच करता येईल. जुना पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटचा. दिवसाला १५ तास फिरला तर महिन्याला २० युनिटं वाचतात. वहीतल्या दराने ते २४० रुपये झाले. पण नवा पंखा अडीच-तीन हजारांना आहे आणि भाच्यासारखी मुलं एकरकमी तेवढे काढू शकत नाहीत. अनुदान किंवा हप्ते हवेत ते इथे.

आमच्या सोसायटीचंही सांगते, कारण 'तुम्ही स्वतः काय केलंत' असं तुम्ही विचारलंय. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी किलोवॅटला १८ हजारांचं अनुदान मिळतं, त्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे. दिल्लीत व्हर्च्युअल नेट मीटरिंगची तरतूद आहे, म्हणजे दुसरीकडे उभ्या असलेल्या पॅनेलमधला आपला वाटा आपल्या बिलातून वजा होतो. आपल्याकडे ही सोय चाळकऱ्यांसाठी आणि भाडेकरूंसाठी आधी व्हायला हवी.

आणि वेगळ्या मीटरसाठी नवा कायदा लागत नाही. वीज कायदा २००३ चं कलम ४३ जागेच्या मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला, दोघांनाही जोडणी मागण्याचा हक्क देतं. अडतं ते मालकाच्या ना-हरकतीवर आणि भाडेकराराच्या कागदावर. विजेचे दर ठरवणारा राज्याचा वीज नियामक आयोग दरवाढीच्या प्रस्तावावर लोकांच्या सूचना-हरकती मागवतो. पुढच्या वेळी भाडेकरूच्या मीटरचा आणि पंख्यांचा मुद्दा मी लेखी देणार आहे. बाकी कशावर आपलं जमलं नाही तरी त्या अर्जावर तुमची सही मला हवी आहे.