संपाचा भाग पुढे पळवायचा नाही

आज मैत्रिणीकडे 'बिली एलियट' या संगीत नाटकाचं रेकॉर्डिंग पाहत होतो, लंडनच्या २०१४ च्या प्रयोगाचं. इंग्लंडमधल्या कोळसा खाणकामगारांच्या संपात, त्यातल्याच एकाच्या पोराला बॅले शिकायचाय, अशी गोष्ट. पोरगा नाचला की सगळ्या खूश. खाणकामगार आले की, "हे संपाचं पुढे पळव गं, लांबवलंय नुसतं." तिसऱ्यांदा ऐकलं आणि मी उठून घरी आले.

लांबवलंय? मार्च १९८४ ते मार्च १९८५, वर्षभर चालला तो संप! २० खाणी बंद, २०,००० माणसं घरी, असा सरकारी बेत होता. नाटक घडतं त्या डरहॅममधल्या ईझिंग्टन गावाला खाण सोडून दुसरं होतं काय? एका गाण्यात तर बॅलेच्या मुली, पोलीस आणि संपकरी एकाच वेळी रंगमंचावर येतात. त्यातला संप कापणार कुठून?

आमचे आबा गिरणीत साचेखात्यात होते. ८२ चा संप. माझ्या डिप्लोमाच्या फीसाठी वर्षभरानंतर आबा गुपचूप कामावर गेले. चारच पाळ्या. पाचव्या दिवशी चाळीतलं कुणी आमच्याशी बोलेना. आईला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं.

नाटकातला बापही पोराच्या लंडनच्या बॅले शाळेतल्या प्रवेशपरीक्षेच्या खर्चासाठी संप मोडायला निघतो. थोरला मुलगा आडवा येतो. मग सगळे फाटक्या खिशातून वर्गणी काढतात. तेवढ्यात एक संपफोड्या येऊन आपली कमाई पुढे करतो. त्याच्याशी कुणी बोलत नाही, पण पैसे घेतले जातात. आज नेमकं हेच पुढे पळवलं.

बायकांनी तेव्हा गावोगाव स्वयंपाकघरं चालवली, त्यांना नाटकात फार जागा नाही, हे मान्य. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या मरणाची वाट पाहणारं गाणं कडवट आहे, तेही मान्य. २०१३ ला बाई गेल्या त्या रात्री ते गाणं ठेवायचं का, असं प्रेक्षकांना विचारलं, आणि प्रेक्षकांनीच ते होऊ दिलं. ज्यांची गावं गेली त्यांनी गोड गायचं का?

मैत्रिणींवर चिडले खरी. त्यांना आबांचं कधी सांगितलंच नव्हतं, कुणालाच नव्हतं.

शेवटी संप हरतो. माणसं डोक्यावरचे दिवे लावून गात गात खाली खाणीत उतरतात आणि पोरगा लंडनला निघतो. ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये बंद झाली.

आबांनी त्या चार पाळ्यांचा विषय शेवटपर्यंत काढला नाही. मीही नाही. घरी येऊन तो पैशांचा प्रसंग एकटीने पाहिला. मागे घेऊन पुन्हा पाहिला.