आईबरोबर बघायचा सिनेमा

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं, एखाद्या शनिवारी फक्त मोठ्यांसाठी 'टकाटक' हा चावट विनोदी सिनेमा लावू या. झालं! "मराठी सिनेमाची ही पातळी?" म्हणत अर्धी बैठक उसळली. उसळलेल्यांपैकी दोघांनी मागे याच मंडळाच्या गणपतीत वगनाट्य बसवलं होतं, आणि त्यातल्या मावशीच्या एकेका वाक्याला लोक खुर्चीवरून घसरत होते. (मावशी मीच होते.)

तिकडे महाराष्ट्रातही २०१९ पासून हेच चाललंय. मिलिंद कवडेंचा 'टकाटक' चालला, २०२२ मध्ये दुसरा भाग आला, आणि संस्कृती बुडाली की पोरांनी मराठी थिएटरं भरली, यावर अजून जुंपते. मला तो फारसा आवडला नाही. पण अश्लील म्हणून नव्हे. थिएटरात फक्त कॉलेजची पोरं बसणार हे धरूनच तो लिहिलाय असं वाटतं.

मी राहते शेफील्डला. 'द फुल मॉन्टी' इथलाच. पोलादाचे कारखाने बंद पडलेले, सहा पुरुष पैशासाठी स्टेजवर कपडे उतरवायचं ठरवतात. १९९७ साली साधारण ३५ लाख डॉलरमध्ये झालेल्या या सिनेमाने जगभरात २५ कोटी डॉलरच्या वर गल्ला केला, वर 'टायटॅनिक' स्पर्धेत असताना सर्वोत्कृष्ट सिनेमाचं बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक नेलं.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती, तेव्हा धीर करून लावला. बेकारभत्त्याच्या रांगेत गाणं लागतं. आधी एकाचा पाय ठेका धरतो, मग दुसऱ्याची कंबर हलते, चेहरे मात्र रेशनच्या रांगेतल्यासारखे. आईने पदर तोंडाला लावला. "अगं, पोट बघ त्याचं, आणि निघालाय कपडे काढायला!" मग बराच वेळ गप्प. "ब्याऐंशीच्या संपानंतर तुझे बाबा असेच खिडकीत बसायचे."

लग्नाआधी दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला ती चाळीतल्या बायकांबरोबर गेली होती. १९७१ साली दादरच्या कोहिनूरने तो उतरवायचं ठरवलं आणि शिवसेना मध्ये पडली, हे तिच्याकडून शंभरदा ऐकलंय. दादा कोंडक्यांच्या नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केले ते काय एकट्या पोरांच्या तिकिटांवर? त्यांच्याही विनोदात बाईची थट्टा होती, मान्य. पण पहिली फजिती त्या लोंबत्या नाडीवाल्या भोळ्या गड्याची व्हायची. 'फुल मॉन्टी'तही तेच.

आता गणित बघा. आपल्याकडे 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं की कुटुंब गेलं, आणि काटछाट केल्याशिवाय टीव्हीही गेला. मराठी निर्मात्याची मदार वाहिनीला विकायच्या हक्कांवर. मग तो उरलेल्या पोरांनाच आणखी चावट काहीतरी देतो. इथे 'फुल मॉन्टी'ला १५ चा शिक्का होता, म्हणजे दहावीतला मुलगा आईशेजारी बसून तो बघू शकत होता. आपल्याकडे २०२४ मध्ये १६ वर्षांवरच्यांसाठी 'यूए'चा वेगळा गट आला, तोही उशिरानेच. रवी जाधवांनी मात्र त्याची वाट न बघता २०१३ मध्येच 'बालक-पालक' केला: चाळ, कोवळी पोरं, 'तसली' व्हिडिओ कॅसेट, आणि बघायला आईबापही. त्यातला विशू झालेला प्रथमेश परबच पुढे 'टकाटक'चा नायक झाला, हा मोठाच विनोद.

मंडळात अजून ठरलेलं नाही. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मे महिन्यात ठेवा. मी येतेय."